शून्य मासे, पूर्ण हजेरी

पोळ्याच्या आदल्या दिवशी, दसऱ्यानंतरच्या सोमवारी आणि काल, असे तीन अर्ज मी दिले आहेत. एकाचेही उत्तर आलेले नाही. त्याला जबाबदार व्यक्ती दोन: मत्स्य कार्यालयाचे प्रमुख आणि त्यांचे वरिष्ठ लिपिक.

आमच्या तलावावर बदनापूरहून हौशी लोक गळ टाकायला येतात. त्यांना काय मिळाले, हे एक गृहस्थ वर्षानुवर्षे सरकारी वहीत लिहीत आले आहेत. माशाचे अंग सोलवटू नये म्हणून ते मोजपट्टी आधी ओली करतात. कोणी लांबी वाढवायला शेपूट ताणले, तर म्हणतात, “सोडा, भाऊ. मासा तुमचा, पट्टी सरकारची.”

कोणालाच मासा मिळत नाही, त्या दिवशीही ते सायंकाळपर्यंत थांबून शून्य लिहितात. “न्हाई भेटला हे बी लिहावंच लागतं, अर्जवाले काका. न्हाई तर मासे कमी होऊन राह्यले, हे कळंल कसं?”

कार्यालयाने शून्याचे सर्व दिवस गैरहजेरीचे धरून त्यांना कामावरून कमी करण्याची नोटीस बजावली. नोटीस हाती पडली, त्या दिवशीही त्यांनी शून्यच लिहिले.

कार्यालयप्रमुखांनी तलावाच्या बांधावर, गावासमक्ष उत्तर द्यावे: त्या दिवसांत गैरहजर कोण होते, हा माणूस की मासे?