केबिनच्या ट्रॅक्टरचा कौल

देवाला फसवायचं असेल तर गव्हाची कणिक वापरू नये. फार घट्ट चिकटते. हे मी ऐकीव सांगत नाही, अनुभवाचं सांगतोय. तो अनुभवही मला आई-वडील, बायको, सगळी वस्ती आणि दौंडच्या शोरूमचा माणूस एवढ्या लोकांसमोर आला!

आमची वस्ती शिरूर तालुक्याच्या अगदी टोकाला. भीमेवरचा पूल ओलांडला की दौंड. आजोबांपर्यंत आमचं घर मेंढरांमागं फिरायचं. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कळप विकला आणि त्याच्यावर ट्रॅक्टर आणला. निळा. (निळा होता असं आबा सांगतात. मला समजायला लागल्यापासून तो मातीच्याच रंगाचा होता.) त्या शीटवर दुसरं कुणी बसलेलं आबांना खपायचं नाही. मला चालवायला दिलाच तर स्वतः बांधानं बरोबरीनं पळायचे आणि ओरडायचे, "गिअर बदल! आरं, गिअर!"

दोन हजार पाच-सहा साल असेल, आबांना धाप लागायला लागली. रानात रोटर मारून, ढेकळं फोडून आले की अंगणात बसून असे खोकायचे की कोंबड्या उठून लांब जायच्या. शिरूरच्या डॉक्टरांनी छाती तपासली आणि तोंडावर सांगितलं, "बाबा, धुरळा बंद. आणखी एक हंगाम असा काढलात तर नाकात नळी घालून झोपावं लागेल. ट्रॅक्टर सोडा." आबांना एक वेळ जेवण सोडा म्हटलं तर त्यांनी सोडलं असतं. ट्रॅक्टर? छे!

आणि त्याच आठवड्यात दौंडला मला ते दिसलं. शोरूममध्ये केबिनचा ट्रॅक्टर! चारी बाजूंनी काच, मोटारीसारखं दार, आत एसी. आमच्या भागात तोवर असलं कुणी बघितलेलं नव्हतं. मी आत बसून दार लावलं, तर बाहेरचं जग मुकंच झालं. देवाशपथ सांगतो, त्या घडीला माझ्या डोक्यात फक्त आबांची छाती होती. (बरं, थोडा मेव्हणाही होता. त्यानं नवा ट्रॅक्टर घेतल्यापासून दोन वर्षं मला जगू दिलं नव्हतं.)

घरी येऊन विषय काढला.

"आबा, जुना देऊन केबिनचा घेऊ. एक्स्चेंजमधी घेत्यात ते."

"आधी मेंढरं इकली, आता ट्रॅक्टर इकायचा आन् काचंचं कपाट आणायचं. त्यात मला मांडून ठेवणार व्हय?"

"आवो, तुमच्या छातीसाठी म्हणतोय मी!"

"माझी छाती तुझ्या नावावर कवा केली मी?"

तेवढ्यात चुलीपाशी बसलेली आई म्हणाली, "आन् मी कुठं बसू?"

हा प्रश्न साधा नव्हता. वीस वर्षं आई मडगार्डवर बसून बाजाराला जात होती. एका हातानं पदर, दुसऱ्या हातानं पिशवी आणि तिसऱ्या हातानं (तिला तो होता अशी माझी खात्री आहे) रस्त्यावर दिसेल त्याला नमस्कार. साऱ्या पंचक्रोशीत तिची ओळख त्या मडगार्डवरून होती. केबिनच्या ट्रॅक्टरचं मडगार्ड काचेच्या आत गेलेलं, वर बसायची सोयच नाही! आई म्हणाली, "मला न्हाई पायजे ते खुराडं," आणि विषय संपवला.

आठ दिवस घरात भांडी आपटली. शेवटी आबा म्हणाले, "आपण कुणीच बोलायचं न्हाई. बिरोबाला कौल लावू. त्यो म्हणंल ते."

बिरोबाचं ठाणं आमच्याच बांधावर आहे. कौल लावायचा म्हणजे देवाच्या दोन्ही अंगाला एक-एक ओलं फूल चिकटवायचं आणि गाऱ्हाणं घालून बसायचं. उजवं फूल आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. दहा-पंधरा मिनिटांत निकाल. देवाचा शब्द म्हटल्यावर पुढं अपील नाही.

शोरूमच्या खैरे नावाच्या माणसाला मी कौलाच्याच सकाळी ट्रॅक्टर दाखवायला बोलावलं. तो केबिनचा ट्रॅक्टरच चालवत घेऊन आला आणि आल्या आल्या त्यानं घड्याळ दाखवलं. "बारापर्यंत काय ते सांगा. असा एकच पीस आलाय. दौंडला दुसरं गिऱ्हाईक थांबलंय, बाराला मी निघणार."

आता मला सांगा, एवढी मोठी गोष्ट देवावर कशी सोडायची? बायको पोळ्यांची कणिक मळत होती, त्यातली चिमूटभर मी उचलली.

"काय करताय?"

"चव बघतोय."

"कच्च्या कणकंची?"

"व्हय."

तिनं माझ्याकडं जसं निरखून बघितलं, तसं लग्नाआधी बघितलं असतं तर तिचं कल्याण झालं असतं.

देऊळ एवढंसं, वाकून एकच माणूस आत जाणार. आधी आबा गेले, फुलं लावून आले. मग एकेकानं दर्शन घ्यायचं. मी आत शिरलो आणि हात जोडले. "देवा, वाईट बुद्धीनं करत न्हाई. बापाचा जीव वाचवायचाय." असं म्हणून डाव्या फुलाच्या देठाशी कणिक दाबून बसवली. नकाराचं फूल पक्कं! बोटाला काहीतरी तेलकट लागलं, पण देवाला तेल असतंच. माझ्यामागून आई नैवेद्याचं ताट घेऊन आत गेली. मग आबांनी दारात बसून मोठ्यानं गाऱ्हाणं घातलं, आणि आम्ही फुलांकडं डोळे लावून बसलो.

दहा मिनिटं झाली. वीस झाली. साडेदहा वाजले. डावं पडणार नाही हे मला माहीत होतं, पण उजव्याला काय धाड भरली होती?

अकराला वस्तीवरची माणसं जमायला लागली. एक म्हातारी म्हणाली, "द्येव रुसलाय. घरात कुणीतरी कायतरी वंगाळ केलंय." चोराच्या मनात चांदणं! आई डोळे मिटून सारखा बिरोबाचा धावा करत होती. मला वाटलं, बिचारी भाविक आहे. आबा खोकत होते आणि खोकल्यागणिक माझ्याकडं रागानं बघत होते. मी टॉवेलनं वारा घ्यायच्या निमित्तानं उजव्या फुलाच्या रोखानं दोन झटके मारले.

"ए! द्येवाला वारं घालतो व्हय रं? गप बस!" आबा गरजले.

पावणेबाराला खैरे जवळ आला. त्याला देवाचं काही पडलेलं नव्हतं. त्यानं वाकून आत बघितलं आणि सहज म्हणाला, "आबा, त्या उजव्या फुलाला मुंग्या लागल्यात हो."

उजव्या फुलावर काळ्या मुंग्यांची रांगच लागली होती. माझं डोकं सणकलं. म्हणजे होकाराचं फूल पडू नये म्हणून कुणीतरी गूळ लावला होता! आणि केबिन नको म्हणून घर डोक्यावर घेतलं होतं कुणी? मी ताडकन उठलो.

"आबा! गूळ लावला तुम्ही! स्वतःच्या जिवाशी खेळताय, वर देवाला फसवताय? लाज वाटली न्हाई?"

बापाला, चारचौघांत! आजही आठवलं की मान खाली जाते.

"मी?" आबा कडाडले. "मी कशाला उजव्याला लावीन? मी तर डाव्या..."

आणि त्यांनी जीभ चावली.

तेवढ्यात आईनं हंबरडा फोडला. "मीच लावला बया! नैवेद्याचा गूळ मीच लावला! बिरोबा, माझं चुकलं!" ती स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यायला लागली.

आबा आत गेले. डावं फूल ओढायला लागले. निघेना. नखानं खरवडलं तेव्हा कुठं ते सुटलं, आणि त्याच्याबरोबर कणकेचा वाळलेला गोळा हातात आला.

"ह्यो कुणाचा?"

मी आभाळाकडं बघितलं. मागून बायकोचा थंड आवाज आला. "चव बघत हुते ते."

पण आबांच्या हातातल्या त्या फुलाला कणकेखाली आणखी काहीतरी होतं. काळं, तेलकट, डिंकासारखं चिकट. ग्रीस! साऱ्या वस्तीत ग्रीसचा डबा एकट्या आबांकडं.

आबा पायरीवर बसले. खाली बघत म्हणाले, "पहाटं उठून बसतो मी. दम पुरत न्हाई. तुला सांगितलं असतं तर तू मला शीटवरनंच उतरवलं असतं. म्हटलं, द्येवानं केबिन घ्यायला लावली म्हंजी माझाबी मान राहील."

ज्या माणसाला मी आत्ता चोर ठरवलं, तो माझ्याच बाजूनं चोरी करत होता!

"आवो, मग मला सांगायचं हुतं!" आई रडत म्हणाली. "मडगार्डापायी मी तुमचा जीव घेतला आसता का?"

आबांनी ठाण्यापुढं लोटांगण घातलं आणि उठून म्हणाले, "द्येवानं सांगायचं ते सांगितलं. त्यो म्हणतोय, येड्यांनो, एकमेकांशी बोला की! खैरे, आम्ही घेणार."

खैरे कुठं होता? बारा वाजले होते. आमची रडारड बघून, हे काही जमत नाही, असं समजून तो ट्रॅक्टर घेऊन निघालासुद्धा! मी धावत सुटलो, अनवाणी. "खैरे! ओ खैरे! थांबा!" पण केबिनमध्ये कसलं ऐकू येतंय! काचा बंद, एसी चालू, वर गाणी लावलेली असणार. मी हात हलवत पळतोय आणि तो झुलत झुलत पुलाकडं चाललाय. पूल ओलांडला की ट्रॅक्टर दुसऱ्याचा आणि आबांच्या नाकात नळी.

तोच मागून ओळखीची धडधड ऐकू आली. आबा! जुना ट्रॅक्टर टॉपला टाकलेला, मडगार्डवर आई, एका हातानं पदर धरलेली. माझ्या अंगावर पोतंभर धुरळा उडवून दोघं पुढं गेले. आबांनी पुलाच्या अलीकडं ट्रॅक्टर आडवा घातला आणि खैरेनं कच्चकन ब्रेक मारला.

मी धापा टाकत पोहोचलो तोवर व्यवहार झाला होता. आबांनी जुन्याच्या बॉनेटवर हात ठेवला आणि "लई राबलास" एवढंच म्हणाले. त्यांचे डोळे भरले, माझेही भरले. खैरे जुना घेऊन दौंडला गेला. आबा केबिनमध्ये चढले. शीटशेजारी एक लहानशी बैठक निघाली, तिच्यावर आई ऐटीत बसली. दार लागलं, ट्रॅक्टर वळला. मी हात केला, "आवो, मी हाय की!" आईनं काचेतून मला छानपैकी नमस्कार केला आणि दोघं निघून गेले. मी भर उन्हात, अनवाणी, त्यांच्या धुरळ्यातून दीड कोस चालत घरी आलो.

आबांची धाप पुरती गेली नाही, पण नळीही लागली नाही. ट्रॅक्टर अजून तेच चालवतात, शेजारी आई. केबिनमध्ये बसायचा माझा नंबर काही लागलेला नाही. कधी लागेल ते बिरोबाला कौल लावून विचारावं म्हणतो, पण आता मला देवळात एकट्याला कुणी सोडत नाही!