जंतूंचं बारावं

हैदराबादच्या प्रयोगशाळेत भ्रमरांबाचे केस एका जंतूच्या एकाच एन्झाइमच्या मागे पिकले. कुठल्याच औषधाला दाद न देणारा तो जंतू त्या एन्झाइमच्या जोरावर अंगाभोवती भिंत बांधतो. ते एन्झाइम अडवलं, की भिंत ढासळते आणि जंतू मरतो. त्यावर बोलायला लागली की तिला कशाचं भान राहत नसे.

तिथला रिवाज असा, की ज्याच्या औषधाने काचेच्या ताटलीत जंतू वाढणार नाहीत, त्याने सगळ्यांना काजा, म्हणजे पाकातली खुसखुशीत मिठाई, खिलवायचा.

सोमवारी भ्रमरांबाची ताटली लख्ख निघाली. काजाचा डबा आला आणि फस्तही झाला. मग तिच्या शेजारच्या टेबलावरच्या मल्लेशमने औषध न घातलेली जोडीची ताटली सहज उघडून पाहिली. तीही तेवढीच लख्ख.

“अक्का,” तो बोटं चाटत म्हणाला, “जंतू घातले होते ना?”

भ्रमरांबाने कपाळावर हात मारला. बोलण्याच्या नादात तेच राहून गेलं होतं.

“म्हणजे जन्मालाच न आलेल्याचं बारावं जेवलो आपण.”

“जेवलास ना? मग गप्प बस,” ती फणकारली, आणि त्याला समोर उभा करून तिने दोन्ही ताटल्यांत जंतू घातले.

दुसऱ्या दिवशी बिनऔषधाची ताटली जंतूंनी गच्च भरलेली पाहून तिचा जीव भांड्यात पडला. औषधाची मात्र स्वच्छ होती.

“मग अक्का, काजा?” मल्लेशमने विचारलं.

“बारावं आधीच जेवलात,” भ्रमरांबा म्हणाली. “मेलेत ते आत्ता.”