आवाज नसलेला कॅमेरा

माझी थोरली बहीण कुसुमअक्का फोटो काढताना जिभेने टक् असा आवाज करायची. जीभ टाळूला लावून झटकन सोडली की होतो तसा, पण अंगणात ऐकू जाईल एवढा मोठा. नवख्या माणसाला ते विचित्र वाटे. हातात चांगला नवा कॅमेरा, आणि आवाज तोंडाने. गावातली पोरं तिच्या पाठीमागे तसाच आवाज काढून पळत. ती रागवायची नाही. उलट एखाद्याला थांबवून म्हणायची, "तुझा वला येतोय. कोरडा काढ."

ही सवय तिला अखेरच्या काळात लागली. त्याआधी तिची गरज नव्हती.

नळदुर्गला हमरस्त्यापासून थोडं आत भाऊजींचा फोटो स्टुडिओ होता. भाऊजी गेल्यावर तो बंद करून अक्काने धाराशिवला माझ्याकडे राहायला यावं, असं मी सुचवलं होतं. तिने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी स्टुडिओ उघडला. पुढे लग्नाची कामं तरुण मुलांकडे गेली. अक्काकडे राहिलं ते एकच काम, आणि ते त्या मुलांना नको होतं. म्हाताऱ्या माणसांचे फोटो.

आमच्याकडे घरातलं वडीलधारं माणूस गेलं की भिंतीवर लावायला फोटो शोधतात. सापडतो तो कुणाच्या तरी लग्नातला. मग शेजारच्याचा खांदा कापून, मागचा मांडव पुसून तो मोठा करायचा. तसं होऊ नये म्हणून शहाणी घरं माणूस हिंडतंफिरतं असतानाच अक्काला बोलावून घेत. कशासाठी, हे कुणी बोलत नसे. पण सगळ्यांना ठाऊक असे, बसणाऱ्यालाही. अक्का त्याला नुसतं 'बसायचा फोटो' म्हणायची. बायाबापड्या ठेवणीतलं लुगडं नेसून बसत, म्हातारे फेटा बांधून घेत. पुरुष फोटोग्राफरसमोर आखडून जाणाऱ्या आज्या अक्कासमोर निवांत बसायच्या.

तिची रीत ठरलेली होती. फ्लॅश नाही, कारण म्हातारी माणसं डोळे मिटतात. उंबऱ्याच्या आत, दारातला उजेड तोंडावर पडेल असं स्टूल ठेवायचं. घरात उजेड कमी, त्यामुळे कॅमेऱ्याची झडप जरा जास्त वेळ उघडी राहते आणि तेवढ्यात माणूस हललं की फोटो वाया जातो. म्हणून ती सांगायची, "पदर घ्या. बसा नीट. आता दम धरा." मग कॅमेऱ्याचा खटक असा आवाज व्हायचा, आणि अक्का म्हणायची, "सोडा." समोरचं माणूस एवढा मोठा श्वास सोडायचं की आजूबाजूची माणसं हसायची. हद्दीपलीकडच्या कानडी गावांत हेच ती कानडीत सांगायची. खटक मात्र दोन्हीकडे एकच.

तो जुना डीएसएलआर कॅमेरा भाऊजींनी घेतलेला होता. पट्ट्याचं कातडं झिजलं होतं आणि हाताच्या पकडीवरचं रबर अक्काने गोंदाने चिकटवलं होतं.

मग अक्काला छातीचा कर्करोग निघाला. सोलापूरला शस्त्रक्रिया झाली. उजव्या बाजूच्या काखेतल्या गाठीही काढल्या. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, की या हाताने वजन पेलायचं नाही, हात सुजेल. अक्काने विचारलं, कॅमेरा चालेल का. डॉक्टर म्हणाले, केवढा आहे त्यावर आहे.

केवढा आहे हे पाहणं माझ्याकडे आलं. मी पाटबंधारे खात्यात हिशेबाच्या टेबलावर आहे. मोजल्याशिवाय मत द्यायची मला सवय नाही. स्वयंपाकघरातल्या काट्यावर मी तो कॅमेरा भिंगासकट ठेवला. किलोच्या वर भरला. मग बाजारातल्या नव्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांची माहिती काढली. वजन पाव किलोच्या आसपास. कमी उजेडात फोटो जुन्यापेक्षा स्वच्छ. हात हलला तरी चित्र स्थिर राहावं अशी आत सोय. चेहरा कुठे आहे ते कॅमेरा आपणच शोधतो. जुन्याच्या बाजूने मला दोनच गोष्टी सापडल्या. बॅटरी जास्त टिकते आणि डोळा लावून पाहायची काच आहे. अक्काची मुलगी माया पुण्यात नोकरीला आहे. तिनेही फोनवर सांगितलं, मामा, लहानच घ्या.

सोलापूरच्या दुकानात अक्काने तो लहान कॅमेरा डाव्या हातात घेतला, मग उजव्या. सवयीने डोळ्याकडे नेला आणि थांबली. डोळा लावायला त्याला काही नव्हतंच. दुकानदाराने मागचा पडदा दाखवला. अक्काने बटण दाबलं आणि त्याच्याकडे पाहत राहिली.

"काढला का?" तिने विचारलं.

"काढला की मावशी. आवाज येत नाही, हेच तर नवीन आहे त्यात."

अक्काने बटण पुन्हा एकदा दाबून पाहिलं. जुना देऊन टाकता का, असं दुकानदाराने विचारलं तेव्हा मात्र ती लगेच म्हणाली, "त्यो घरीच राहू द्या." लहान कॅमेरा घेऊन आम्ही परत आलो. बसमध्ये तिने पिशवी डाव्या मांडीवर धरली होती. माझा हिशेब बरोबर होता याचं मला समाधान होतं. ती उदास होती, हे मला दिसत होतं. पण आजारातून उठलेलं माणूस उदास असणारच, असं मी धरून चाललो.

नव्या कॅमेऱ्यावरचं पहिलं काम जवळच्याच एका गावात निघालं. रविवार होता, म्हणून मीच तिला गाडीवर नेलं. कोंडाबाई नावाची आजी होती. हिरवं लुगडं नेसून, कपाळभर कुंकू लावून ती स्टुलावर बसली. अक्काने नेहमीसारखं सांगितलं, दम धरा. बटण दाबलं. फोटो चांगला आला होता. पडद्यावर तो मोठा करून अक्का मला दाखवू लागली आणि आम्ही दोघं त्यात डोकं घालून उभे राहिलो. एवढ्यात आजीची सून हसायला लागली. पाहतो तर कोंडाबाई तशीच बसलेली. गाल फुगलेले, डोळे मोठे झालेले, चेहरा लाल. शेवटी तिला राहवलं नाही. फुस्सकन श्वास सोडून ती खोकत सुटली.

"काय गं बाई, मारती का मला? काढ की लवकर."

"काढला की मावशी."

"कवा? आवाज तर न्हाय आला."

सगळं घर हसलं. मीही हसलो. अक्का हसली नाही. ती आजीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली आणि पाणी मागवलं.

घरी येऊन मी कॅमेऱ्याच्या सगळ्या सोयी तपासल्या. त्यात खोटा आवाज लावायची सोय होती, तो मी लावून दिला. पण तो चिमणीच्या पिलासारखा बारीक. कोंडाबाईच्या वयाच्या माणसाला काय ऐकू येणार? पुढच्या खेपेला अक्काने बटण दाबलं आणि त्याच क्षणी जिभेने टक् केलं. समोरच्या म्हाताऱ्याने निमूट श्वास सोडला. तेव्हापासून ते तसंच चाललं.

दुसरीही एक अडचण होती. जुना कॅमेरा तिचा चेहरा झाकायचा, त्यामुळे समोरचं माणूस कॅमेऱ्याकडेच बघायचं. आता तिचा चेहरा उघडा पडला आणि माणसं तिच्याकडे बघू लागली. फोटोत नजर वर गेलेली दिसायची. मग ती कॅमेरा हनुवटीला टेकवून धरायला लागली.

मी तिला एकदा सुचवलं, की आवाज नाही हा फायदाच समज. माणसं बोलत असताना, नकळत काढ. जास्त जिवंत येतील. तिने तेही करून पाहिलं. कोंडाबाईचा फोटो छापून द्यायला गेलो तेव्हा तिचाच एक तसा निघाला. बोळकं उघडून खदखदा हसणारी, पदर खांद्यावर घसरलेला. घरच्यांना तो फार आवडला. मलाही. अक्काने कॅमेरा आजीपुढे धरला आणि विचारलं, ह्यो ठेवू का. आजीने बराच वेळ पाहिलं.

"ही म्या न्हवं," ती म्हणाली. "म्या बसले तवाचा ठेव."

अक्काने तिच्यादेखत तो पुसला. परत येताना मी म्हटलं, फोटो चांगला होता. मागून अक्का म्हणाली, "बसून काढला त्यो त्यांचा, बापू. न बसता काढला त्यो आपला. भितीवर त्यांचा लावायचा असतोय."

मी गाडी चालवत होतो. खड्डा आला तो चुकवला.

दीडएक वर्ष बरं गेलं. मग तिला चढ चढताना धाप लागू लागली. तपासणीत कळलं की आजार फुप्फुसात उतरला आहे. छातीत पाणी साठायचं, ते सोलापूरला जाऊन काढावं लागायचं. पाणी काढलं की काही दिवस बरे जायचे. तेवढ्यात ती कामं उरकायची. मी नको म्हणायचो. ती म्हणायची, "ती माणसं माझ्यापेक्षा म्हातारी हाईत. त्यास्नी कसं थांबवू?"

फोटो काढताना काढणाऱ्यालाही श्वास रोखावा लागतो, हे मला तेव्हा कळलं, कारण तिला तो रोखता येईना. 'दम धरा' म्हणताना तिलाच मध्ये थांबावं लागे. तरी फोटो हललेले नसायचे. एकदा पडद्यावर फोटो पाहत ती म्हणाली, "तुझं गणित बरुबर हुतं बापू. माझा दम गेला तरी ह्यो थरथरत न्हाय." तिने ते मनापासून, माझं समाधान व्हावं म्हणून म्हटलं. नोकरीत आयुष्यभर मी आकडे जुळावेत म्हणून खपलो. त्या दिवशी वाटलं, हा एक हिशेब चुकला असता तर बरं झालं असतं.

थंडीच्या अखेरीस एका दुपारी मी गेलो तर अक्का नेसून तयार होती. भाऊजींनी आणलेली जांभळी इरकल, डोक्यावर पदर. माया पुण्याहून आलेली होती. तिने आतून स्टूल आणून उंबऱ्याशी ठेवलं तेव्हा मला उलगडा झाला. मायाच्या डोळ्यांना धार लागली होती, तिच्याने फोटो काढवणार नव्हता. काम माझ्याकडे आलं.

अक्काला जुन्याच कॅमेऱ्याचा फोटो हवा असणार, असं समजून मी कपाटातून तो काढला. तिने तो मांडीवर घेतला. बॅटरी चार्ज केलेली होती. इतके दिवस न वापरताही ती ते करत आली होती. दोन्ही हातांनी उचलून तिने तो डोळ्याला नाही, कानाला लावला आणि बटण दाबलं. खटक. परत एकदा दाबलं. मग झाकण लावून माझ्याकडे दिला.

"जाग्यावर ठेव. तुझ्या हातात ह्यो हालणार. लहानानंच काढ. पण आवाज करायला इसरू नगंस."

मी लहान कॅमेरा हनुवटीला टेकवून उभा राहिलो. ती ताठ बसली. पदर नीट केला. सांगायची वेळ आली तेव्हा मी कसंबसं म्हटलं, "अक्का, दम धर." तिने धरला. त्या छातीत तो किती मावत होता, हे मला डॉक्टरांच्या कागदांवरून ठाऊक होतं. मी बटण दाबलं. पडद्यावर फोटो आला, नीट आला. मला आवाज करायचा होता. तोंड कोरडं पडलं होतं. जीभ टाळूला लावली, पण ती सुटेना, आणि सुटली तेव्हा नुसती हवा निघाली. अक्का श्वास धरून माझ्याकडे बघत बसली होती. तिला माहीत होतं की फोटो झाला आहे. माझ्यापेक्षा तिला ते जास्त कळत होतं. तरी ती नियमाने थांबली होती. मी पुन्हा प्रयत्न केला. काही नाही.

शेवटी तिनेच जिभेने टक् केलं आणि श्वास सोडला. मोठा नव्हता, पण सोडला. मग धापा टाकत हसली.

"एवढं बी जमंना व्हय रे तुला?"

त्या गडबडीत माझ्या बोटाने बटण आणखी एकदा दाबलं गेलं होतं. ते मी रात्री पाहिलं.

पुढचा महिना सरायच्या आत अक्का गेली. दिवस झाल्यावर माया आणि मी दोन्ही फोटो समोर ठेवून बसलो. एकात ती ताठ बसली आहे, ओठ मिटलेले, नजर सरळ. दुसऱ्यात मला टोचून बोलता बोलता हसते आहे, पदर मागे गेला आहे, आणि आजारी आहे असं कुठेही वाटत नाही. माया म्हणाली, मामा, आई ह्या दुसऱ्यात आहे. खरं होतं. मलाही तोच हवा होता. तुलना करायला बसलो असतो तर सगळ्या बाबतींत दुसराच वर ठरला असता.

आम्ही पहिला लावला. त्यासाठी ती बसली होती. दुसरा त्या लहान कॅमेऱ्यातच आहे, आणि कॅमेरा जुन्या कॅमेऱ्याशेजारी कपाटात. माया पुण्याहून आली की तो काढून बघते.

नळदुर्गच्या घरी महिन्यातून एकदा मी जाऊन येतो. झाडलोट करतो, दिवा लावतो. परवा गेलो तेव्हा फोटोची काच पुसली आणि समोर उभा राहिलो. फोटो नीट पाहिला की कळतं, तिने श्वास धरलेला आहे. गळ्याजवळची शीर ताणली आहे. घरात कुणी नव्हतं. मी जीभ टाळूला लावून सोडली. या वेळी आवाज आला.