तडकलेल्या भांड्याचा निकाल

शाळेत नोकरी केली की किस्से गोळा करावे लागत नाहीत, कपाटावरच्या धुळीसारखे आपोआप साठतात. आमच्या शाळेतले निम्मे किस्से तर एकट्या मुलींच्या संडासाचे!

शाळा मोलगीच्या पुढे, डोंगरातल्या एका पाड्यावर. त्या वर्षी संडासाचं भांडं मधोमध तडकलं आणि पाणी पायाखाली यायला लागलं. सातवीतली जमना मधल्या सुट्टीत घरी जायची, ती परत यायचीच नाही. माझा गणिताचा तास नेमका दुपारी. पोरगी हुशार होती, मला वाईट वाटायचं.

*

हेडसरांचं मत, दुरुस्ती. "तडा तेवढा बुजवा, भांडं कशाला बदलायचं?"

शिपाई भटूभाऊ म्हसावदचे, बोलणं अहिराणी. त्यांनी पांढरं सिमेंट भरलं आणि तीन दिवस कुणाला फिरकू दिलं नाही. चौथ्या दिवशी हेडसरांनी स्वतः बादली ओतली. पाणी थेट त्यांच्या बुटात!

"टाकी भरली असेल," हेडसर म्हणाले.

"सर, टाकी नही, तुमना बूट भरना!"

*

मग नवीनच बसवायचं ठरलं. पण त्यासाठी जुनं निकामी झाल्याचा दाखला लागतो. तो द्यायला तालुक्याचे साहेब जीपने आले. सिमेंटमुळे तडा काही दिसेना. त्यांनी शेरा मारला, "स्थिती समाधानकारक."

मी म्हटलं, "साहेब, एकदा वापरून तरी बघा!"

"वेळ नाही हो मॅडम."

जाताना मात्र साहेब शाळेमागच्या मोहाच्या झाडाआड जाऊन आले.

*

हेडसरांनी नवी युक्ती काढली. मुलींसाठी वापर-नोंदवही! "वही कोरी राहिली की वरच्यांना आपोआप कळेल."

वही महिनाभर कोरी राहिली. वरून उत्तर आलं, "वापर नाही, सबब नवीन भांड्याची गरज दिसत नाही."

भटूभाऊ कपाळाला हात लावून म्हणाले, "जुनं चालत नही, नवं भेटत नही, मंग पोरीस्नी जावानं कोठे?"

*

शेवटी पालकांची सभा बोलावली. जमनाची आई गोमतीबाई नुकत्याच सुरतहून परतल्या होत्या. दरवर्षी त्या तिकडे बांधकामावर जातात, असली भांडी बसवायचंच काम करतात. जमनाने आदल्या दिवशी त्यांना सांगितलं होतं, आता शाळाच नको. तरी त्या तिला सभेला घेऊनच आल्या होत्या.

तासभर वाद चालला. निम्मे म्हणाले दुरुस्त करा, निम्मे म्हणाले बदला. हेडसर हात जोडून म्हणाले, "माझ्या हातात काही नाही. पूर्ण निकामी झालं असतं, तर आजच अर्ज लिहिला असता!"

"पूर्ण निकामी म्हणजे कसं, गुरजी?" गोमतीबाईंनी विचारलं.

"म्हणजे दुरुस्त होणारच नाही, असं."

त्या उठल्या. दारात उभ्या भटूभाऊंना म्हणाल्या, "भाऊ, घण आहे का?"

भटूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी फळ्याकडे पाहिलं.

संडासाकडून घणाचे दोन आवाज आले. गोमतीबाई परत येऊन जमनाशेजारी बसल्या, हातावरची पांढरी पूड झटकली आणि म्हणाल्या, "हां गुरजी, लिहा."