शिट्टीवाल्या वन्सं

उभ्या पुण्यात शिट्टी घेऊन जेवायला बसणारी बाई एकच, आणि ती माझी थोरली नणंद. वन्संनी लग्न केलं नाही. त्या शाळेत पी.टी. शिकवायच्या, रविवारी रग्बीच्या मॅचला पंच म्हणून उभ्या राहायच्या आणि उरलेल्या वेळात आमच्या घरावर रग्बीचे नियम चालवायच्या. माझ्या हातून आमटीची वाटी निसटली, की भाजलं का हे विचारायच्या आधी त्या ओरडायच्या, "नॉक-ऑन! हातातून पुढे पडलं, खेळ थांबला!" हातानं पुढे पास देणं हा तर गुन्हाच, त्यामुळे समोर बसलेल्या सासऱ्यांकडे पोळी हातोहात टेबलाला वळसा घालून जायची. एकदा माझ्या नवऱ्याचा आवाज चढला. वन्संनी हळदीचं पिवळं पाकीट वर धरलं. "पिवळं कार्ड. दहा मिनिटं मैदानाबाहेर." पन्नाशीला टेकलेला माणूस निमूट बाल्कनीत जाऊन उभा राहिला. नवव्या मिनिटाला आत डोकावला, तर "अजून एक आहे" म्हणून परत पाठवला गेला.

मग एका रविवारी खराडीच्या माझ्या ऑफिसातले साहेब सहकुटुंब जेवायला आले. श्रीखंड टेबलावर यायच्या आधीच त्यांनी वाटी पुढे केली, आणि वन्संनी शिट्टी फुंकली. "ऑफसाइड! चेंडूच्या पुढे गेलात!" साहेब पोट धरून हसले. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाहुणे गेल्यावर मी म्हणाले, "वन्सं, हे घर आहे. तुमचा खेळ इथे कुणाला कळत नाही, आणि खरं सांगू? कुणाला समजून घ्यायचाही नाहीये."

त्यांनी शिट्टी उचलून आत ठेवली. "बरं," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून आमची जेवणं इतकी शांत झाली, की चमच्यांचे आवाज ऐकू यायला लागले. माफी मागायची राहून गेली. उद्या मागू, परवा मागू म्हणता म्हणता वन्संचे गुडघे गेले आणि पंचाचं कामही सुटलं.

परवा मीच त्यांना खडकवासल्याच्या रस्त्यावरच्या एका मैदानावर मुलींची मॅच बघायला घेऊन गेले. आदल्या दिवशी फोनवर नियम वाचले होते, परीक्षेला बसल्यासारखे. एका मुलीनं गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला. मी उठून उभी राहिले. "ट्राय! पाच गुण ना, वन्सं?"

त्यांनी मान डोलावली.

"मग आता पुढे काय?" मला माहीत होतं, तरी त्यांनी सांगावं म्हणून विचारलं.

"कळेलच की," त्या म्हणाल्या. "तुला ऊन लागतंय. अशी सावलीत सरक."