आजऱ्यात ऐकू आलेली लहर

माझ्या कोल्हापुरातल्या गच्चीवर एक निळं प्लास्टिकचं पिंप आहे. त्यात पाणी नाही. त्याच्या अंगावर तांब्याची तार वेढ्याला वेढा लावून गुंडाळलेली आहे, आणि ती गुंडाळता गुंडाळता माझ्या कमरेचे पार बारा वाजले. शेजारी विचारतात, तेव्हा ‘रेडिओचं आहे’ म्हणतो. आजकाल तेवढंही सांगावंसं वाटत नाही.

रीतसर परवाना काढून मी हौशी रेडिओवाला झालो आणि नेमका लांब लहरींच्या नादी लागलो. त्या इतक्या लांब की त्यांना साजेशी एरियल करायची तर किलोमीटरभर तार पाहिजे. इथंच घोडं पेंड खातं. माझ्या वाट्याला आली होती गच्चीपासून शेजारच्या नारळापर्यंतची जागा. कमी पडलेली लांबी कॉइलनं भरून काढायची, म्हणून ते पिंप. उद्यमनगरातल्या मोटर रिवायंडिंगच्या दुकानातून तार आणली, कागलची नोकरी सांभाळून रविवारी-रविवारी गुंडाळली, वर वार्निश मारलं.

ऐकणारे होते आजऱ्याचे मास्तर. तार खात्यातून निवृत्त झालेले. मला मोर्स त्यांनीच शिकवलं. असली अशक्त लहर हल्ली कॉम्प्युटरच्या पडद्यावर बघतात, पण मास्तरांना ते पटत नाही. “कान कशाला दिल्यात देवानं?” म्हणत ते हेडफोन चढवून बसतात.

ठरलेल्या रविवारी सकाळी मी एकच अक्षर सावकाश, पुन्हा पुन्हा सोडत राहिलो. कुठलं अक्षर, ते त्यांना आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. लहर बाहेर पडतेय का ते दाखवणाऱ्या माझ्या मीटरची सुई काही हलेना. मीटरच बिघडला असणार, असं मी ठरवून टाकलं. तेवढ्यात मास्तरांचा फोन आला.

“आलं की लेका. सपष्ट आलं. आजऱ्यात बसून धरलं बघ तुला.”

मी पेढे आणून गल्लीत वाटले. मग गच्चीवर गेलो, तर कॉइल एरियलला जोडायची क्लिप कठड्यावर पडलेली. वार्निश मारताना मीच काढून ठेवली होती आणि लावायला विसरलो होतो. माझी लहर पिंपाच्या पुढं गेलीच नव्हती.

तेव्हाच फोन करायला हवा होता. केला नाही. मास्तरांचा हिरमोड होईल, असं मनाला सांगितलं. खरं तर वाटलेल्या पेढ्यांची मलाच लाज वाटत होती. पुढच्या रविवारी क्लिप घट्ट लावून, आधी न सांगता दुसरंच अक्षर सोडलं. या खेपेला सुई टणकन उडाली. कबनूरच्या एका मित्राच्या पडद्यावर लहर स्वच्छ उमटली. मास्तर मात्र म्हणाले, “आज काय न्हाय आलं बघ. कॉइल तपास तुझी.”

“तपासतो,” मी म्हणालो.

त्यांना नीट ऐकू येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. ते मुद्दाम खोटं बोलले नव्हते. कुठलं अक्षर येणार ते ठाऊक असलं, की खरखरीतही तेच ऐकू येतं. पुढं आमच्या हौशी रेडिओवाल्यांच्या मंडळानं त्या पहिल्या लहरीबद्दल आम्हा दोघांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. मी मान वर केली नाही. लोकांना तो विनय वाटला. पहिल्या रांगेत मास्तरांची सून डोळे पुसत होती, तिच्याकडं तर मला बघवेना.

परवा मास्तरांच्या मुलाचा फोन आला. “बाबांस्नी कानाच्या डॉक्टरकडं न्यायचं होतं. तुमच्या कोल्हापुरातच नंबर लावलाय. पण ते ऐकंनात. म्हणत्यात, आजऱ्यातनं कोल्हापूरची लहर धरली, मला कसलं मशीन लावतोस? इथला डॉक्टर म्हणतोय, आणखी उशीर केला तर उपयोग हुनार न्हाय. तुम्हीच समजावा, तुमचं ऐकतील.” आणि त्यानं फोन मास्तरांच्या हातात दिला.

“काय रं,” मास्तर म्हणाले, “सांग की ह्याला. त्या दिवशी धरलंतं का न्हाय मी तुला?”

खरं सांगायची ती वेळ होती. ते माझ्या जिभेवर आलंही होतं.

“धरलंत, मास्तर.”

“आं? काय म्हणालास? जरा मोठ्यानं बोल की.”

मी घसा खाकरला आणि तेच ओरडून सांगितलं.