उरलेली शिवराई

शेळकेबाई कुणाच्याही घरी गेल्या की आधी देव्हाऱ्यात डोकावत. तिथे तांब्याच्या शिवराया, महाराजांच्या नावाची जुनी नाणी, चिंचेनं घासून लखलखीत केलेल्या दिसल्या, की घरच्या बाईची खैर नसे. "अक्षरं खाल्ली की गं त्या चिंचेनं. देवाला गुळगुळीत तांबं काय कामाचं?" निमगाव सावाच्या शाळेत आम्ही दोघी शिक्षिका; त्या इतिहास शिकवत, मी गणित. वर्गात बोलणं पुस्तकी. राग आला की थेट पिंपरी पेंढारची, माहेरची भाषा.

त्या माहेरी, वडील गेल्यावर, दोघा भावांनी वाटण्या केल्या. जमीन, विहीर, मेंढरं झाली. राहिल्या देव्हाऱ्यातल्या पिढीजात शिवराया. देव कुणाकडे, यावरून दोघं हातघाईवर आले. शेवटी सारख्या वाटल्या, तर एक उरली. ती छिन्नीनं तोडायचं ठरलं. वाटणीत उरलेलं मेंढरू कापून मटण निम्मं निम्मं घेतात, तसंच.

कळताच बाई निघाल्या, मला सोबत घेऊन. ओट्यावर छिन्नी तयारच होती.

"महाराजांच्या मागं गादीसाठी चुलती न् पुतण्या लढले," बाई म्हणाल्या. "दोन गाद्या झाल्या. पर नाणं पाडताना दोघांनीबी थोरल्या महाराजांचंच नाव ठेवलं. तुमी त्यांच्यापरीस मोठं राजं लागून गेलाय व्हय?"

धाकटा म्हणाला, "आक्का, हक्कसोडावर सही केलीस तू. ह्यात तुझं काय हाय?"

"सही जमिनीची केली. देवाची न्हाई."

सही घ्यायला आक्का आपली, देव वाटताना परकी. हे कुठलं गणित, मला आजही सुटलेलं नाही.

बाईंनी ती शिवराई उचलून पदराला गाठ मारली. "दोघं मिळून या, घेऊन जा. एकेकटं आलात तर दारात उभं करणार न्हाई."

त्यांच्या हयातीत कुणी आलं नाही. शेवटच्या आजारात त्यांनी ती माझ्या हातावर ठेवली. "नरम पडू नका," एवढंच म्हणाल्या. गेल्या वर्षी त्या गेल्या. दहाव्याला भाऊ शेजारी बसले, पण एकमेकांकडे पाठ करून.

महिन्याभरात थोरला माझ्याकडे आला. "आक्काची आठवण म्हणून द्या, बाई."

"धाकट्याला घेऊन या."

"त्यो आसंल तर मी येत नाय."

पुढच्या आठवड्यात धाकटा आला. त्याचंही तेच. दोघांनाही मी दारातूनच परत पाठवलं. शिवराई माझ्या कपाटात आहे, अख्खी.